विश्लेषण : ‘नॅनो’ बॅटरीचा दावा किती खरा? हिशेब सापडतो मायकेल फॅराडेंच्या वहीत

करकंबला घरी गेलो की पहिल्या दिवशी काहीतरी बिघडलेलं असतंच. या वेळी दोन गोष्टी होत्या. हॉलमधला पंखा फिरत नव्हता आणि इन्व्हर्टरची बॅटरी तिसऱ्या उन्हाळ्यातच बसली होती. पंख्याचं काम दहा मिनिटांत झालं. वायरमननं कंडेन्सर बदलला, जुना माझ्या हातात दिला आणि निघून गेला. बॅटरीचं मात्र अडलं. अण्णांनी दुकानातून आणलेली तीन पत्रकं समोर टाकली. त्यातल्या एकावर ‘नॅनो टेक्नॉलॉजी’ असं ठळक छापलं होतं, खाली दुप्पट बॅकअपचा दावा आणि किंमतही त्याच हिशेबानं वाढवलेली. आमच्या गावात नॅनो म्हटलं की आधी टाटांची गाडी आठवायची, आता युरियाची बाटली आठवते. बॅटरीत नॅनो काय करतं, हे अण्णांनी घरातल्या इंजिनिअरला विचारलं. घरातल्या इंजिनिअरला ते धड सांगता आलं नाही.

हातातल्या जुन्या कंडेन्सरवर ‘२.५ एमएफडी’ असं लिहिलं होतं. एमएफडी म्हणजे मायक्रोफॅराड. त्यातला ‘फॅराड’ एका माणसाच्या नावावरून आला आहे. पत्रकावरच्या दाव्याचं उत्तर त्याच माणसाच्या आयुष्यात सापडतं, म्हणून ही गोष्ट मायकेल फॅराडे यांची.

लोहाराचा मुलगा विज्ञानात आला कसा?

मायकेलचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ चा, लंडनच्या दक्षिणेला न्यूइंग्टनचा. वडील जेम्स लोहारकाम करायचे, पण तब्येत साथ देत नव्हती. घरात चार मुलं आणि कमाई बेताची. शाळा जेमतेम लिहिण्या-वाचण्यापुरती आणि आकडेमोडीपुरती झाली. तेराव्या वर्षी मायकेल जॉर्ज रिबो नावाच्या पुस्तकविक्रेत्याकडे निरोप्या म्हणून लागला. पुढच्या वर्षी त्याच दुकानात सात वर्षांच्या करारावर बुकबाइंडिंग शिकायला बसला.

बायंडिंगला आलेली पुस्तकं तो वाचायचा. एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकातला विजेवरचा लेख आणि जेन मार्सेट यांचं रसायनशास्त्रावरचं सोपं पुस्तक, या दोहोंनी त्याला नादी लावलं. मालकही भला होता. दुकानाच्या मागच्या बाजूला पोरगा काचेच्या बाटल्या मांडून प्रयोग करतो, याला त्याची हरकत नव्हती.

१८१२ मध्ये या पोरानं स्वतःची बॅटरी बनवली. तांब्याची सात अर्धपेनी नाणी, तेवढ्याच जस्ताच्या चकत्या आणि मध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेले कागदाचे सहा तुकडे, एवढंच सामान. इटलीच्या अलेस्सांद्रो व्होल्टांनी १८०० मध्ये जगासमोर ठेवलेली रचना ती हीच. तिच्यावर त्यानं मॅग्नेशियम सल्फेटच्या द्रावणाचं विघटन करून पाहिलं. बारावीच्या प्रॅक्टिकलला आपण जे करतो, ते त्यानं खिशातल्या चिल्लरवर केलं होतं.

त्याच वर्षी दुकानाच्या एका गिऱ्हाइकानं, विल्यम डान्स यांनी, त्याला रॉयल इन्स्टिट्यूशनमधल्या हम्फ्री डेव्ही यांच्या चार व्याख्यानांची तिकिटं दिली. डेव्ही म्हणजे त्या काळातले नामांकित रसायनशास्त्रज्ञ. मायकेलनं टिपणं काढली, आकृत्यांसह नीट उतरवली, स्वतःच्या हातानं बांधली आणि डेव्हींकडे पाठवून दिली. शिकलेला धंदा असा कामी आला. पुढे प्रयोगशाळेतल्या एका मदतनिसाला मारामारीवरून काढलं तेव्हा ती जागा मार्च १८१३ मध्ये मायकेलला मिळाली. पगार बेताचा, राहायला इमारतीच्या माळ्यावर दोन खोल्या. पुण्यात तेव्हा दुसरा बाजीराव गादीवर होता.

डेव्ही पती-पत्नींबरोबर १८१३ ते १८१५ असा युरोपचा दौरा झाला. त्यात फॅराडेंना मदतनिसाबरोबर नोकराचंही काम करावं लागलं, आणि लेडी डेव्हींनी त्यांना ती पायरी विसरू दिली नाही. पण याच दौऱ्यात मिलानमध्ये वृद्ध व्होल्टांची भेट झाली.

बॅटरीचा हिशेब नेमका काय आहे?

फॅराडे म्हटलं की शाळेत मोटर आणि जनरेटर शिकवतात. १८२१ मध्ये विजेच्या जोरावर तार फिरवणं आणि १८३१ मध्ये चुंबकापासून वीज मिळवणं, ही दोन्ही कामं थोर आहेतच. आपल्या गोष्टीला मात्र १८३३-३४ मधलं काम हवं.

त्या दोन वर्षांत त्यांनी द्रावणांतून वीज सोडली आणि किती पदार्थ सुटतो ते मोजलं. पट्ट्या लहान-मोठ्या करून पाहिल्या, द्रावण पातळ-दाट केलं. प्रत्येक वेळी उत्तर एकच आलं. सुटणारा पदार्थ ठरतो तो फक्त एकूण किती वीज गेली यावर. शिवाय वेगवेगळ्या पदार्थांसाठी हे प्रमाण ठरलेलं असतं. आज आपण वापरतो ते इलेक्ट्रोड, इलेक्ट्रोलाइट, ॲनोड, कॅथोड, आयन हे शब्द याच काळात, केंब्रिजचे विल्यम ह्यूएल यांच्यासारख्या विद्वानांना विचारून त्यांनी रूढ केले.

हा नियम तुमच्या हातातल्या फोनला लावून पाहू. बॅटरी ५००० एमएएचची आहे असं धरा. म्हणजे १८,००० कूलॉम विद्युतभार. फॅराडेंच्या नावानं ओळखला जाणारा स्थिरांक ९६,४८५ कूलॉमचा. भागाकार केला, लिथियमच्या अणुभारानं गुणलं, की उत्तर येतं सुमारे १.३ ग्रॅम. रात्रभर चार्जिंगला लावलेल्या फोनमध्ये एवढंच लिथियम एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जातं. कोणत्याही कंपनीची बॅटरी असो, ५००० एमएएचला १.३ ग्रॅम लागणारच. यात सूट नाही.

मला इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत हे गणित कुणी असं करून दाखवलं नाही, याची थोडी खंत आहे.

याच काळात त्यांना आणखी एक विचित्र गोष्ट दिसली. सिल्व्हर सल्फाइड आणि लेड फ्लोराइड हे घन पदार्थ तापवले की वीज वाहू लागते. घन पदार्थातूनही आयन सरकू शकतात, हे त्यातून पुढे उलगडलं. आज ‘सॉलिड स्टेट’ बॅटरीच्या बातम्या येतात, त्यांचा धागा तिथपर्यंत मागे जातो.

आणि फॅराड म्हणजे किती?

१८३७ च्या सुमारास फॅराडेंनी कंडेन्सरकडे मोर्चा वळवला. दोन धातूंच्या मध्ये हवेऐवजी काच किंवा लाख ठेवली की जास्त विद्युतभार मावतो, हे त्यांनी मोजून दाखवलं. म्हणून धारिता मोजण्याच्या एककाला त्यांचं नाव मिळालं. १८८१ च्या पॅरिस परिषदेत त्यावर शिक्कामोर्तब झालं.

एकक मात्र अवाढव्य निघालं. पंख्याचा कंडेन्सर अडीच मायक्रोफॅराडचा धरला, तर एक फॅराड व्हायला चार लाख पंख्यांचे कंडेन्सर लागतील. आज बाजारात ३००० फॅराडचा एकच सुपरकपॅसिटर मिळतो आणि तो एका हातात मावतो. हे कसं जमलं?

कंडेन्सरमध्ये दोनच गोष्टींना किंमत असते. समोरासमोरचं क्षेत्रफळ जास्त हवं आणि मधलं अंतर कमी हवं. सुपरकपॅसिटरमध्ये सच्छिद्र कार्बन वापरतात. त्याच्या एका ग्रॅममधल्या सगळ्या बारीक छिद्रांच्या भिंती उलगडून पसरल्या तर दोन हजार चौरस मीटरपर्यंत जागा भरू शकते. आपल्या भाषेत जवळजवळ वीस गुंठे, म्हणजे अर्धा एकर रान एका ग्रॅम कोळशात. आणि त्या भिंतीला चिकटून बसणारे आयन जेमतेम एक नॅनोमीटर अंतरावर असतात. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले की त्यातला एक म्हणजे नॅनोमीटर. क्षेत्रफळ अफाट, अंतर नगण्य.

इथे एक खुलासा करायला हवा. पंख्याचा कंडेन्सर ४०० व्होल्टच्या वर टिकतो, सुपरकपॅसिटरचा एक सेल पावणेतीन व्होल्टच्या आसपास. साठणारी ऊर्जा व्होल्टच्या वर्गावर अवलंबून असते, त्यामुळे नुसत्या फॅराडच्या आकड्याला भुलू नये.

फॅराडेंचं लाल सोनं काय होतं?

१८४० च्या सुमारास फॅराडेंची तब्येत ढासळली. चक्कर यायची, डोकं जड व्हायचं आणि सर्वांत वाईट म्हणजे आठवण दगा द्यायची. काल केलेला प्रयोग आज आठवायचा नाही. १८४१ मध्ये विश्रांतीसाठी स्वित्झर्लंडला जावं लागलं. पुढे बरं वाटलं, मोठी कामंही झाली, पण विसर पडणं वाढतच गेलं. त्यांचा आधार होती ती वही. प्रत्येक निरीक्षणाला क्रमांक देऊन ते लिहीत गेले. शेवटचा क्रमांक आहे १६,०४१.

अशा अवस्थेत, साठीच्या उंबरठ्यापलीकडे, त्यांनी सोन्याचा नाद घेतला. प्रकाश अगदी पातळ धातूतून जाताना काय होतं, हे त्यांना शोधायचं होतं. सोन्याचा वर्ख आणखी पातळ करत ते काचपट्ट्यांवर चढवत राहिले. सोन्याच्या क्षाराच्या अतिशय पातळ द्रावणात त्यांनी फॉस्फरस मिसळून पाहिला, तेव्हा पाणी माणकासारखं लाल झालं. त्या लाल पाण्यातून प्रकाशाचा झोत सोडला की त्याचा मार्ग स्पष्ट दिसायचा. म्हणजे सोनं विरघळलेलं नव्हतं. ते इतक्या बारीक कणांत तरंगत होतं की त्या काळच्या कोणत्याही सूक्ष्मदर्शकाला दिसणं शक्य नव्हतं. चिमूटभर मीठ टाकलं की कण एकमेकांना चिकटायचे आणि लाल पाणी निळं व्हायचं. सोनं तेच, पण कणाचा आकार बदलला की रंग बदलला.

५ फेब्रुवारी १८५७ ला त्यांनी हे काम रॉयल सोसायटीपुढे मांडलं. आपल्याकडे उठावाची ठिणगी पडायला तेव्हा तीन महिने होते. प्रकाशाबद्दल जे उत्तर हवं होतं, ते त्यांना सोन्यातून मिळालं नाही. पण धातू पुरेसा बारीक केला की तो वेगळा वागतो, हे पहिल्यांदा शास्त्रीय पद्धतीनं दाखवलं गेलं ते इथे. त्यांनी बनवलेल्या लाल सोन्याच्या बाटल्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये अजून जपून ठेवल्या आहेत आणि त्यांचा रंग टिकून आहे.

म्हणजे दोन्ही टोकं एकाच माणसाच्या हातात होती. विजेच्या साठ्याचा हिशेब १८३४ मध्ये आणि बारीक कणांचं जग १८५७ मध्ये. ती दोन टोकं त्यांच्या हातून जोडली गेली नाहीत. १८५९ मध्ये फ्रान्सच्या गॅस्तों प्लाँते यांनी शिशाची, पुन्हा चार्ज होणारी बॅटरी बनवली. आमच्या इन्व्हर्टरखाली जी असते, तिची ती पणजी. तेव्हा फॅराडे हॅम्प्टन कोर्टच्या घरात राहायला गेले होते. हे घर राणी व्हिक्टोरियाकडून मिळालं होतं, तेही प्रिन्स अल्बर्टच्या शब्दावरून. पैसा साठवणं त्यांच्या छोट्याशा सँडेमानियन पंथाला मान्य नव्हतं. ‘सर’ ही पदवी त्यांनी घेतली नाही, रॉयल सोसायटीचं अध्यक्षपदही नाकारलं. क्रिमियन युद्धात रासायनिक अस्त्रांबाबत सरकारनं मदत मागितली, तिलाही नकार दिला. २५ ऑगस्ट १८६७ ला ते गेले. मुंबईत प्रार्थना समाज स्थापन झाला ते हेच वर्ष.

मग बॅटरीत नॅनो काय करतं?

आमच्याकडची बाजार आमटी ज्यांनी खाल्ली आहे, त्यांना हे पटकन कळेल. अख्खा मसाला पातेल्यात टाकला तर चव उतरायला वेळ लागतो आणि बरीचशी आतच राहते. तोच बारीक वाटून टाकला की सगळी चव रश्श्यात. मसाला तेवढाच असतो. वाटल्यामुळे त्याचा पाण्याशी संबंध येणारा पृष्ठभाग वाढतो.

लिथियम आयर्न फॉस्फेट, म्हणजे ई-स्कूटरच्या जाहिरातीत ‘एलएफपी’ म्हणतात तो पदार्थ, याचं ठळक उदाहरण आहे. फॅराडेंच्या गणितानं त्याच्या एका ग्रॅमला १७० एमएएच द्यायला हवेत. अमेरिकेत जॉन गुडइनफ यांच्या गटानं १९९७ मध्ये तो मांडला, तेव्हा शंभर-एकशेदहाच्या आसपासच हाती येत होते, तेही हळूहळू वापरले तर. पदार्थातून वीज नीट वाहत नव्हती आणि लिथियमला कणाच्या गाभ्यापर्यंत पोहोचायला वेळ लागत होता. मग कण नॅनो आकाराचे केले, त्यांवर कार्बनचा पातळ लेप दिला. हे अंतर दहापट कमी झालं की लागणारा वेळ शंभरपट कमी होतो. आकडा दीडशेच्या पुढे गेला आणि जलद चार्जिंगही जमलं. १७० ची मर्यादा मात्र तिथेच राहिली. नॅनोनं फॅराडेंचा हिशेब मोडला नाही, त्या हिशेबातली थकलेली येणी वसूल केली.

सिलिकॉनचं दुखणं वेगळं आहे. ग्रॅफाइटचा एक ग्रॅम ३७२ एमएएच घेतो, सिलिकॉन त्याच्या दहापट. पण लिथियम आत गेलं की सिलिकॉन तीन-चारपट फुगतं आणि चार-दोन वेळा चार्ज केलं की तडकून भुगा होतं. २००८ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात त्याच्या नॅनो आकाराच्या तारा उभ्या केल्या गेल्या, फुगायला आजूबाजूला जागा ठेवून. त्या तुटल्या नाहीत.

तोटेही सांगायला हवेत, कारण पत्रकांवर ते नसतात. पृष्ठभाग वाढला की नको त्या रासायनिक क्रियाही वाढतात आणि थोडं लिथियम कायमचं अडकतं. बारीक भुकटी घट्ट दाबून बसत नाही, त्यामुळे तेवढ्याच डब्यात माल कमी मावतो. आणि अशी भुकटी बनवायला खर्च येतो.

आपल्याकडे काय चाललंय?

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. सतीशचंद्र ओगले यांच्या गटानं २०१३ मध्ये कडुनिंबाची गळून पडलेली पानं घेतली, दळली आणि हवेशिवाय तापवून त्यांचा कोळसा केला. एका ग्रॅममध्ये सुमारे १२३० चौरस मीटर पृष्ठभाग मिळाला. म्हणजे बारा गुंठे. वेगळी रसायनं वापरून छिद्रं पाडावी लागली नाहीत, पानांतल्याच घटकांनी ते काम केलं असं या गटाचं म्हणणं. प्रति ग्रॅम ४०० फॅराडची धारिता त्यांनी नोंदवली. करकंबच्या कोणत्याही वाड्यासमोर दर वर्षी झाडून पेटवून देतो, ती ही पानं. हे प्रयोगशाळेतले आकडे आहेत, दुकानातल्या मालाचे नाहीत, एवढं ध्यानात ठेवावं.

कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात प्रा. चंद्रकांत लोखंडे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी धातूंच्या ऑक्साइडचे पातळ थर बनवण्यावर कितीतरी वर्षं काम केलं. पद्धत साधी. काचेची किंवा स्टीलची पट्टी एका बीकरमध्ये बुडवायची, धुवायची, दुसऱ्यात बुडवायची, पुन्हा धुवायची. थरावर थर चढत जातो. यात वीज नुसती पृष्ठभागाला चिकटत नाही, पृष्ठभागावर रासायनिक देवघेवही होते. अशा क्रियेला जगभर फॅराडेंच्याच नावानं ‘फॅराडेइक’ म्हणतात. महागडी यंत्रं नसताना बीकरवर चालणारं हे काम पाहिलं की रिबोच्या दुकानामागच्या बाटल्या आठवतात. पुण्यात पाषाणला सी-मेट ही केंद्र सरकारची संस्था लिथियम आणि सोडियम बॅटरीच्या पदार्थांवर काम करते.

पंढरपूर तालुक्यात याची गरज कुणाला, हे वेगळं सांगायला नको. सौर पंप बसले, पण त्यांना बॅटरी नसते. ऊन उतरलं की पाणी थांबतं.

दुप्पट बॅकअपचं काय?

आता अण्णांच्या पत्रकाकडे येऊ. १५० एएच, १२ व्होल्टची बॅटरी म्हणजे सहा घरं. फॅराडेंच्या गणितानं तिच्यात एका बाजूला किमान साडेतीन किलो शिसं आणि दुसऱ्या बाजूला चार किलो शिशाचं ऑक्साइड वापरात यायलाच हवं. प्रत्यक्षात अशी बॅटरी पन्नास किलोच्या पुढे भरते. त्यात आम्ल, जाळ्या, डबा असतो, आणि बरंचसं शिसं कधी कामालाच येत नाही. म्हणजे सुधारणेला जागा आहे. शिशाच्या ऋण पट्टीत बारीक, जास्त पृष्ठभागाचा कार्बन मिसळतात तेव्हा ती लवकर चार्ज होते आणि अर्धवट चार्जवर वापरली तरी पांढरा थर साचून लवकर मरत नाही. हा फायदा खरा आहे. लोडशेडिंगच्या गावाला तो उपयोगाचाही आहे.

पण बॅकअप ठरतो एएच आणि व्होल्टवर. दोन्ही बॅटऱ्यांवर १५० एएच आणि १२ व्होल्ट लिहिलं असेल, दोन्ही २० तासांच्या हिशेबानं मोजल्या असतील, तर एकीचा बॅकअप दुसरीच्या दुप्पट होऊ शकत नाही. त्या पत्रकावर एएचचा आकडा इतर दोन पत्रकांइतकाच होता.

अण्णांनी वॉरंटीचे महिने आणि वजन विचारून साधी ट्युब्युलर बॅटरी घेतली. जुना कंडेन्सर मी पुण्याला घेऊन आलो, तो डेस्कवर पडला आहे.